पाकदे जिमानची बोंब

मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या तेगलवुनी गावात गाईचं दुखणं ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत. सोयाबीनचं टेम्पे तळावं तर हिनंच, असं जिच्याबद्दल म्हणावं अशा बायकाही चार-दोन आहेत. पण जखमी व्हावं ते सार्जिमाननंच. त्याच्यासारखी तंगडी मोडून घेणं पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

डोंगर आमचा तापट डोक्याचा. वर्षानुवर्षं आजोबांसारखा धूर सोडत गप्प बसेल आणि एखाद्या दिवशी कुणी काही बोललेलं नसताना भांडी फेकायला लागेल. म्हणून सरकारनं गावात दरवर्षी सराव लावून दिला. चौकातली लाकडी घंटा बडवायची, म्हाताऱ्यांना आणि गाईंना ट्रकमध्ये चढवायचं, जखमींना स्ट्रेचरवर घालून शाळेच्या पटांगणात आणायचं. गाई तयार होत्या, म्हातारे तयार होते. अडलं ते जखमींपाशी. खोटं खोटं का होईना, जखमी व्हायला कुणी तयार होईना. एकाच्या घरात लग्न ठरलेलं, दुसऱ्याची सून पोटुशी, तिसऱ्याला आदल्या रात्री वाईट स्वप्न पडलेलं. "उगाच कशाला पडून दाखवायचं? डोंगर बघत असतो वरून," असं म्हणत जो तो एकेक पाऊल मागे सरकला.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन सार्जिमान उशिरानं उगवला. गावच्या मुखियानं, पाक दार्माजींनी, म्हणजे दार्माजीरावांनी, त्याच्याकडे बोट केलं. "हा बघा आला आपला जखमी!"

आमच्या गावात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. सार्जिमान म्हणाला, "हो हो, का नाही," आणि भारा खाली ठेवून जमिनीवर आडवा झाला.

आडवा झाला आणि रंगला. कारण मुळात माणूस हौशी. तरुणपणी गावच्या केतोप्राक नाटकमंडळीत होता तो. पण वाट्याला काय, तर राजामागे भाला धरून उभं राहायचं. सलग अकरा हंगाम उभा राहिला बिचारा. एकदा शिंकला, तेवढाच काय तो त्याचा संवाद. पोटात साचलेली सगळी भाषणं त्या दिवशी बाहेर पडली. अशी बोंब ठोकली की वरच्या आळीतली कुत्री उत्तर द्यायला लागली. "आई गं! पाय गेला! माझ्या गाईंना सांभाळा रे!" स्ट्रेचर उचलणाऱ्या गुनार्सोच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पटांगणात टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून ती जागा कायमची त्याची झाली. लहानथोर सगळे त्याला पाकदे जिमान म्हणायचे, म्हणजे मोठे काका. सराव जवळ आला की लोक अदबीनं विचारायचे, "पाकदे, यंदा काय मोडणार?" पाकदे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "यंदा छाती म्हणतोय. पाय फार झाले." एका वर्षी रक्त खरं वाटावं म्हणून ताडगुळाच्या पाकात लाल रंग कालवून अंगभर फासला. मुंग्यांनी पाच मिनिटांत शोधून काढला त्याला. त्या वर्षीच्या बोंबेची आठवण लोक अजून काढतात.

या सगळ्या कौतुकावर पाणी ओतायला घरात एक माणूस होतं. त्याची बायको, वागिरा. ठेंगणी, काटक आणि जिभेला हाड नाही. गावाची ती बुदे वागिरा, म्हणजे मोठी काकू. पण जिमान तिला 'बुने' म्हणायचा, म्हणजे लेकरांची आई, आणि ती त्याला 'पाकने', लेकरांचे बाप. लेकरं केव्हाच शहरात नोकरीला गेली, हाका तेवढ्या उरल्या.

वागिराचं तोंड सूर्याबरोबर उघडायचं. "पाकने, गोठा झाडलात की नुसती झाडू फिरवलीत? पाकने, हे दूध आहे की पाणी तापवून आणलंय? पाकने, बनियन उलटं घातलंय, जगाला शिवण दाखवायची आहे का?" जिमान "हो, बुने" म्हणत गवत कापायला निघायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना घड्याळाची गरज नव्हती. वागिरा चहावरून बोलायला लागली की सकाळ, गवतावरून लागली की दुपार.

सरावाचा तर तिला मनस्वी राग. "जितेपणी मरायची सोंगं करता! वरचा एखाद्या दिवशी म्हणेल, एवढी हौस आहे तर घे." म्हणून दर सरावानंतर त्याच्यावरची इडापिडा टळावी म्हणून ती लाल-पांढरी खीर करायची. तांदळाची, अर्धी ताडगुळाची, अर्धी नारळाच्या दुधाची. करताना अखंड बडबडायची आणि सगळ्या आळीला वाटायची. खरं सांगायचं तर निम्मा गाव सरावाला यायचा तो त्या खिरीच्या आशेनं. आणि सरावात जखमींच्या मनगटाला ज्या रंगीत पट्ट्या बांधतात, लाल म्हणजे जीव धोक्यात, पिवळी म्हणजे थांबला तरी चालेल, हिरवी म्हणजे किरकोळ, त्यातल्या जिमाननं मिळवलेल्या झाडून सगळ्या लाल पट्ट्यांनी तिनं परसातल्या चवळीचे वेल मांडवाला बांधले होते. "निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या तुमची दुखणी," म्हणायची.

पट्ट्या बांधायचं काम दवाखान्यातल्या नर्सचं, रुमियातीचं. तिला सगळे म्बाक रुमी म्हणतात, म्हणजे रुमीताई. पोरगी शांत, पण मनात आलेलं बोलून टाकणारी. एकदा ती जिमानला म्हणाली, "पाकदे, जरा कमी ओरडा ना. तुमच्यामुळे आपली स्ट्रेचरवाली पोरं आवाज येईल तिकडे धावायला शिकलीत."

जिमानला ते कौतुकच वाटलं. घरी येऊन वागिराला सांगितलं, "रुमी म्हणते, माझ्यामुळे पोरं शिकली."

"काय शिकली? लोळायला?" वागिरा म्हणाली.

रुमीला काय म्हणायचं होतं ते कळायला तेगलवुनीच्या माणसांचा स्वभाव ठाऊक हवा. दुसऱ्याला आपला त्रास नको, याचं आम्हाला भारी वेड. घराला आग लागली असेल आणि शेजारी विचारत आला, तर आम्ही म्हणणार, "काही नाही, काही नाही, जरा धूर झालाय. चहा घेणार?" गुनार्सोचा बाप नारळावरून पडला, तेव्हा खाली जमलेल्या लोकांकडे बघून आधी ओशाळा हसला आणि मग बेशुद्ध झाला. खऱ्या दुखण्याला बोंब मारणारा माणूस आमच्याकडे औषधाला सापडायचा नाही. बोंब मारायची ती जिमाननं, तीही खोट्या दुखण्याला.

मग एका वर्षी सराव झाला आणि खीर काही झाली नाही. वागिरानं तांदूळ भिजत घातले होते. पण दुसऱ्याच सकाळी डोंगर गुरगुरायला लागला. डोंगरावर नजर ठेवणाऱ्या चौकीवरून निरोप आला, म्हातारी माणसं आणि जनावरं आज दुपारच्या आत खाली न्या. लाकडी घंटा खऱ्यानं वाजायला लागली. राखेची बारीक भुकटी पडत होती. केळीची पानं पीठ चाळल्यासारखी पांढुरकी झाली होती.

सराव कामी आला, हे कबूल करायला हवं. कुणी धावपळ केली नाही. म्हातारी माणसं आपली गाठोडी घेऊन रांगेत उभी राहिली. गाईंचा ट्रक लागला. सगळ्या गाई चढल्या, एक सोडून. जिमानची मेनिक. ट्रकच्या फळीवर पुढचे पाय ठेवले आणि तिथंच थिजली. चौघांनी ढकललं, दोघांनी ओढलं. मेनिकनं शेपटीनं गुनार्सोच्या थोबाडीत दिली.

"व्हा बाजूला," म्हणत वागिरा आली. पदर खोचावा तसा कमरेला गुंडाळलेला सारोंग खोचला, ट्रकवर चढली आणि वरून ओरडली, "काय गं भवाने, तुला वेगळं आमंत्रण पाहिजे? चढ!" मेनिक मुकाट्यानं चढली. वागिरा खाली उतरायला लागली की गाय मागोमाग उतरायला बघे. शेवटी ती म्हणाली, "राहू दे, मी हिच्याबरोबरच येते. पाकने, घराला कडी घातलीत का? नुसतं 'हो' म्हणू नका, जाऊन बघून या."

जिमान कडी बघून आला आणि मागच्या छोट्या गाडीत बसला.

गावाखालच्या दुसऱ्या वळणावर ते झालं. रस्त्यावर राख, त्यावर कुणाच्या तरी दुधाच्या कॅनमधलं सांडलेलं दूध. नुसता साबण झाला होता. गाईंचा ट्रक घसरला आणि दमलेला माणूस खुर्चीत बसावा तसा हळूच डाव्या अंगावर चरात जाऊन बसला. आतल्या गाई एकमेकींवर रेलल्या. फळ्या तुटल्या. मेनिकसकट सगळ्या गाई धडपडत बाहेर आल्या आणि पलीकडे मक्याच्या शेतात चरायलाही लागल्या.

माणसांचा मात्र गोंधळ उडाला. ड्रायव्हरचं कपाळ फुटून तोंडभर रक्त. पुढे बसलेले पाक दार्माजी मनगट धरून कळवळत होते. आता मुखिया म्हणजे शिकलेसवरलेले गृहस्थ, शहरात राहून आलेले, त्यांना ओरडायचा संकोच नव्हता. पोरं स्ट्रेचर घेऊन त्या आवाजाकडे धावली. इतक्या वर्षांच्या सरावात शिकली होती तश्शी.

वागिरा चराच्या कडेला एका दगडावर बसली होती. गुडघे जवळ घेतलेले, दोन्ही हात पोटाशी. रुमी धावत तिच्याजवळ आली.

"बुदे, कुठं लागलं?"

"काही नाही गं बाळा, काही नाही. गाय जरा रेलली अंगावर. त्या ड्रायव्हरला बघ आधी, केवढं रक्त येतंय बिचाऱ्याला."

रुमीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. पण ड्रायव्हर ओरडत होता, मुखिया ओरडत होते, दोन आज्या रडत होत्या, आणि रुमीला हात दोनच. तिनं वागिराच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि पळाली.

तेवढ्यात जिमान धापा टाकत पोचला. कान पाडूनच आला होता तो. आता काय काय ऐकावं लागणार याची उजळणी वाटेतच झाली होती. ट्रक लावताना तुम्ही होतात कुठं, गाय तुमची की माझी, कडी घातलीत ना नक्की. तो समोर उभा राहिला आणि वाट बघू लागला.

वागिरानं मान वर केली आणि मंद हसली.

"आलात? दमला असाल. बसा ना."

जिमान खाली वाकला.

"बुने?"

"तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?" आवाज मऊ, पाहुण्याशी बोलावं तसा. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. तहान लागलीये हो जरा. पण घाई नाही."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एकतीस वर्षांत तिनं त्याला 'बसा ना' म्हटलेलं नव्हतं. त्यानं मुद्दाम पाहिलं. आपलं बनियन आज पुन्हा उलटं होतं. शिवण चांगली ढळढळीत तिच्या डोळ्यांसमोर. तिनं बघितली आणि काही बोलली नाही.

त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. ओलं आणि गार. ओठ राखेच्या रंगाचे. "खांदा का दुखतोय कोण जाणे," ती पुटपुटली, "मार तर पोटाला बसला." आणि परत म्हणाली, "काही नाही हो."

जिमान रस्त्याकडे वळून ओरडला, "म्बाक रुमी! इकडे या! हिला बघा!"

"हिरवी आहे, पाकदे! किरकोळ! येतोच आम्ही!" गुनार्सोनं लांबूनच हात हलवला. एकुलती एक ॲम्ब्युलन्स आली होती. तिच्यात ड्रायव्हर चढला होता आणि मुखियांना हाताला धरून चढवत होते. दार लागलं की ती जाणार, आणि परत यायला तासभर तरी लागणार.

एवढ्या वर्षांत जिमाननं स्ट्रेचरवर पडल्या पडल्या एक गोष्ट पक्की पाहिली होती. ही पोरं डोळ्यांनी शोधत नाहीत, कानांनी शोधतात. आणि तशी ती कुणामुळे झाली, हेही त्या क्षणी त्याला लख्ख कळलं.

त्यानं स्वतःला चरात झोकून दिलं आणि बोंब ठोकली.

तशी बोंब त्यानं कधी मारली नव्हती. मुंग्यांच्या वेळीसुद्धा नाही. "मेलो! मेलो रे! पोट फाटलं! आतडी आली बाहेर! कुणी आहे का रे!" मक्यातल्या गाई चरायच्या थांबल्या. ॲम्ब्युलन्सचं दार अर्ध्यावर थांबलं. पोरांचे पाय आपोआप वळले. स्ट्रेचर, रुमी, गुनार्सो, सगळी वरात चरापाशी हजर.

"पाकदे!" गुनार्सो संतापला. "आज खरं आहे! आज सराव नाही!"

रुमीनं वाकून त्याची नाडी धरली. "तुमची नाडी माझ्यापेक्षा छान आहे, पाकदे. लाज वाटते का जरा?"

"माझी धरू नको!" जिमान ताडकन उठून बसला. सगळं तोंड चिखलानं आणि राखेनं माखलेलं. "हिची धर! बोंब मी हिची मारतोय! हिला मारता येत नाही गं! ही मला 'बसा ना' म्हणाली!"

पोरं हसायच्या बेतात होती. रुमी हसली नाही. वागिराच्या तोंडाचा पट्टा माहीत नसलेलं माणूस आमच्या गावात नव्हतंच. तिनं वागिराचं मनगट धरलं आणि तिचा चेहरा बदलला. नाडी होती, पण भेदरलेल्या चिमणीसारखी, बारीक आणि पळणारी. तिनं पोटाला हात लावला, तशी वागिरानं दात आवळले आणि म्हणाली, "काही नाही गं."

"पाणी देऊ नका तिला," रुमी म्हणाली. "नुसते ओठ ओले करा. गुनार्सो, उचल. आत्ता." आणि हिरवी पट्टी तोडून तिनं लाल बांधली.

ॲम्ब्युलन्सपाशी पुन्हा घोडं अडलं. स्ट्रेचरची जागा ट्रकच्या ड्रायव्हरनं लगेच सोडली आणि तो पुढे जाऊन बसला. आतल्या बाकावर मात्र मुखिया बसलेले, मनगट छातीशी धरून. रुमीला वागिराजवळ बसायला जागा हवी होती. आता मुखियाला ऊठ कोण म्हणणार? सगळे एकमेकांकडे बघत संकोचानं उभे. जिमाननं आयुष्यात मुखियासमोर मान वर केली नव्हती. तो पुढे झाला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "पाक, उतरा. नाहीतर मी पुन्हा ओरडेन."

दार्माजी उतरले. त्यांच्या बाजूनंही सांगायला हवं, घाईघाईनं उतरले, आणि उतरताना दुखऱ्या हातानंच दार धरून ठेवलं.

शहरातल्या इस्पितळात वागिराला थेट ऑपरेशनला नेलं. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती, आतल्या आत रक्त साचत होतं. आणखी तासभर दगडावर बसली असती तर बसल्याजागीच गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. जिमान बाहेरच्या बाकावर बसून राहिला. कुणीतरी भात आणून दिला, त्यानं तो तसाच ठेवला. तिकडे डोंगरानं दोन दिवस राख ओकली आणि तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात धूर सोडत बसला. जिमानला त्याचं काही नव्हतं. वागिरा डोळे उघडत होती, मिटत होती, आणि नर्सनं विचारलं की म्हणत होती, "छान आहे. तुम्हाला उगाच त्रास." ते ऐकलं की जिमान नर्सला पुन्हा नाडी बघायला लावायचा.

चौथ्या सकाळी गुनार्सो आणि रुमी भेटायला आले, तर जिमान वॉर्डाच्या दारात उभा. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पाकदे?" रुमीच्या हातातली फळांची पिशवी खाली पडली.

"शिव्या दिल्या!" जिमान हुंदका देत म्हणाला. "आत्ता उठली. म्हणाली, सगळ्या गावासमोर चरात गडाबडा लोळलात, शोभतं का या वयात? म्हणाली, चार दिवस हेच उलटं बनियन? इस्पितळात काय मला नाक मुठीत धरून झोपायचंय? सगळं म्हणाली गं! काही म्हणायचं ठेवलं नाही!"

आतून आवाज आला. बारीक होता, पण धार जुनीच. "पाकने! दारात काय रडताय, मेनिकला कोण बघतंय घरी?"

ती घरी आली. चवळीच्या मांडवाला आणखी एक लाल पट्टी लागली; ही मात्र तिनं स्वतः बांधली आणि ती दाखवून कुणी चेष्टा केली तर त्याची धडगत नसे.

रुमीनं गावात नवा नियम काढला. जो म्हणेल 'काही नाही', त्याची नाडी पहिली बघायची. आता तेगलवुनीत जगणं कठीण झालंय. मुखियांना सहज विचारावं, "काय पाक, कसं काय?" आणि त्यांनी सवयीनं म्हणावं, "काही नाही, मजेत," की लगेच कुणीतरी मनगट पकडतं. सोयरे पहिल्यांदा गावात आले की घाबरतात.

पुढच्या वर्षीच्या सरावात न ओरडणारा जखमी हवा होता. आधी वागिराला बसवलं. पण गुनार्सोनं स्ट्रेचर वाकडं धरलेलं तिला बघवेना. "अरे, खांद्यावर घे, खांद्यावर! मी काय गवताचा भारा आहे?" रुमीनं कपाळाला हात लावला. मग ते काम आलं जिमानकडे. अट एकच, तोंडातून आवाज काढायचा नाही.

तो कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, शेतात जाऊन पडला. अकरा हंगाम भाला धरून उभा राहिलेला माणूस तो. गप्प राहायची विद्या त्याच्याकडे मुळातच होती, मध्ये विसरला होता एवढंच. इतका छान गप्प पडला की पोरं दोनदा शेजारून निघून गेली.

यंदा खीर वागिरानं आधीच केली होती, सरावाच्या पहाटेच. मागच्या वर्षी ती राहिली म्हणून काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं, असं तिचं म्हणणं. पातेलं पटांगणात आलं, वाट्या भरल्या, आणि तिनं इकडेतिकडे बघितलं. मग पळी हातात तशीच घेऊन ती कसाव्याच्या शेतात शिरली. वाट कुणाला विचारली नाही.

जिमान उताणा पडला होता. बनियन सुलटं होतं. तिला बघून त्यानं आवाज अगदी मऊ केला.

"काही नाही हो, बुने. माझं राहू द्या. आधी बाकीच्यांना बघा."

"सोंगं!" वागिरा म्हणाली. "उठा. खीर निवतेय."

पण ती खाली बसली. पळी गवतावर ठेवली, त्याचं मनगट धरलं, रुमीनं दाखवलं होतं तसं दोन बोटांनी, आणि ओठ हलवत मोजायला लागली. मागून गुनार्सो स्ट्रेचर घेऊन धापा टाकत आला. तिनं त्याला हातानंच थांबवलं. मोजणं चुकलं होतं, ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.